करंजाखालचे गोटे

२ फेब्रुवारी

आलो एकदाचे! टेंपोवाल्याने कपाट उतरवताना दाराची चौकट खरवडली, शेगडी कुठल्या खोक्यात गेली ते कुणालाच सांगता येत नाही, आणि आम्ही दोघं मागच्या पडवीत बसून फाट्यावरचे वडे खातोय. पण मी जाम खूश आहे.

रूपेशची बदली मोहोपाड्याच्या कारखान्यात झाली तेव्हा स्टाफ कॉलनीत घर मिळत होतं. मीच नको म्हटलं. नाशिकला समोरच्यांच्या बाल्कनीत वाळणारे कपडे बघून बघून डोळे शिणले होते. हे घर खालापूरच्या अलीकडे, गावाच्या अगदी टोकाला आहे. मागे ऐसपैस परसू, त्यात शेवगा, दोन केळी आणि आधीच्या भाडेकरूंनी सोडून दिलेलं लाकडी खुराडं. कुंपणापलीकडे उतार आणि खाली ओढा. एक्सप्रेस वे जवळ असूनही गाड्यांचा आवाज इथवर येत नाही.

मला पाचवा लागलाय. ही रोजनिशी लिहायचं तेही एक निमित्त. बाळ मोठं झालं की त्याला वाचायला देईन, तू यायच्या आधी तुझी आई काय काय उद्योग करत होती म्हणून. पहिला उद्योग ठरला आहे, कोंबड्या पाळायच्या. रूपेश म्हणतो, आधी शेगडी शोध.

६ फेब्रुवारी

कोंबड्या आल्या! डोंगराकडच्या वाडीवरची हिरू बाजाराला निघाली होती, डोक्यावर डालगं. मी तिला रस्त्यातच गाठलं. नुकत्या अंड्यावर आलेल्या तीन तलंगा, एक जुनी कोंबडी आणि एक कोंबडा. हिरूने एकेकीचे पंख उलगडून, पोटाखालची पिसं फुंकरीने बाजूला करून दाखवलं की बघ बाई, पिसवा नाहीत. मी जाणकार असल्यासारखी मान डोलावली.

बारशाचा कार्यक्रम लगेच उरकला. कोंबडा तोऱ्यात चालतो म्हणून फौजदार. काळी ती काजळी, आखूड पायांची ती ठेंगी, डोक्यावर पिसांचा झुबका असलेली ती तुरेवाली. जुनी कोंबडी पिवळसर आहे, ती हळदी. हळदीने आधी दोनदा पिल्लं काढली आहेत म्हणे. तिची नजरच तशी आहे, आपल्याला सगळं माहीत असल्याची.

शेजारच्या सुनंदाकाकू बघायला आल्या. पन्नाशीच्या, ठसठशीत बाई, बोलताना एक हात कमरेवर. मुलगी छाया भिसेगावात दिलेली, घरी त्या आणि काका. खुराड्याचं तोंड उगवतीकडे फिरव, म्हणजे सकाळचं ऊन आत जाईल, असं त्यांनी सांगितलं. मला कुणी काही सांगितलं की माझा हात आपोआप उलट्या बाजूला जातो. त्यातून पोटुशी बाई दिसली की अख्ख्या जगाला सल्ले सुचतात. तरी खुराडं फिरवलं, कारण काकूंचं म्हणणं बरोबर होतं.

१३ फेब्रुवारी

आता माझी घडी बसली आहे. सकाळी खुराडं उघडायचं, तांदळाची कणी आणि कोंडा ओला करून द्यायचा. दिवसभर त्या परसात उकरत असतात. काकूंच्या चुलीतली राख आणून वाळूत मिसळली आणि एका फुटक्या घमेल्यात ठेवली. त्यात त्या लोळतात आणि अंगावरच्या पिसवा झटकतात. आठवड्यातून एकदा पाण्यात ठेचलेला लसूण. अंड्याची टरफलं भाजून, चुरून परत त्यांनाच खायला, म्हणजे पुढच्या अंड्याचं कवच टणक होतं.

काजळी आणि तुरेवाली मिळून ठेंगीला टोचत होत्या. बिचारीची पाठ उघडी पडली. मी मोबाइलवर शोधत बसले आणि शेवटी उपाय स्वतःच्या डोक्यातून काढला. कोबीचा गड्डा दोरीने उंच टांगला. आता त्या दोघी उड्या मारून त्याला टोचतात आणि ठेंगीला कुणी विचारत नाही. रिकामटेकड्यांना काम दिलं की भांडणं मिटतात, आमच्या ऑफिसातही हेच व्हायला हवं होतं.

आज कणी टाकताना बाळ पहिल्यांदा हललं. आधी वाटलं गॅस झालाय. मग पुन्हा हललं, बेंबीच्या जरा खाली, डावीकडे. मी तिथेच परसात उभी राहून रडले. पाच कोंबड्या माझ्याकडे बघत होत्या, पण मला लाज वाटली नाही.

२१ फेब्रुवारी

फौजदार गेला. परवा तो मान वाकडी करून गोल गोल फिरायला लागला तेव्हा मला गंमत वाटली. काकूंनी कुंपणावरून बघितलं आणि कपाळाला हात लावला. मानमोडी. त्यांनी माझ्या चारही कोंबड्या लगेच वेगवेगळ्या डालग्यांखाली झाकायला लावल्या. खालापूरच्या गुरांच्या दवाखान्यातून रूपेशने लस आणली, ती मी डोळ्यांत थेंब थेंब घातली. माझ्या चौघी वाचल्या. आळीतलं बाकी सगळं साफ झालं. काकूंच्या सगळ्या कोंबड्या एका दिवसात मेल्या आणि त्या खड्डे खणत होत्या.

मला फार वाईट वाटतंय. पोटातलं मात्र मजेत आहे, संध्याकाळी लाथांवर लाथा.

२७ फेब्रुवारी

हळदी खुडूक झाली. खुराड्याच्या कोपऱ्यात पिसं फुगवून चपटी होऊन बसते. हात घातला की घशातून गुरगुरते आणि टोचते. खाणंपिणं जवळजवळ बंद. छातीची पिसं स्वतःच उपटून तिने खाली अंथरली आहेत. तिला उबवायचं आहे आणि उबवायला काही नाही. कोंबडा मेल्यामुळे अंड्यात जीव नाही, आणि आळीत कुणाकडेच कोंबडा उरलेला नाही. अंडी काढून घेतली तर ती नुसत्या पेंढ्यावर बसून राहते.

काकू म्हणाल्या, खुडूक मोडून टाक. आधी बादलीभर गार पाण्यात बुचकळायची. नाहीच मोडली तर तिचंच एक पीस तिच्या दोन्ही नाकपुड्यांतून आरपार घालायचं, त्याच्या त्रासाने ती जागेवरून उठते. काकू पीस हातात घेऊनच आल्या होत्या. मी साफ नाही म्हटलं. नाकातून पीस! मी माझ्या घरात हे होऊ देणार नाही.

काकू कधी नव्हे त्या गंभीर झाल्या. म्हणाल्या, “रिकाम्या जागेवर बसलेली कोंबडी घरात ठेवू नये गं. तिला उबवायला कायतरी पायजेच. नाय दिलंस तर ती शोधील. अन् तू दोन जिवांची हायस.” माझं डोकं फिरलं. माझ्या पोटाचा आणि कोंबडीचा काय संबंध, असं मी जरा जास्तच चढ्या आवाजात म्हणाले. काकू पीस कुंपणात खोचून निघून गेल्या. उद्या त्या छायाकडे चालल्यात, तिच्या सासूचं ऑपरेशन आहे. बरेच दिवस तिकडेच राहतील. आल्या की त्यांची समजूत काढीन.

१ मार्च

हळदीचा प्रश्न मीच सोडवला आणि मला माझा फार अभिमान वाटतोय!

सकाळी ओढ्यावर फिरायला गेले. पाणी आटलंय, मध्ये मध्ये डबकी आहेत. ओढा वळतो तिथे एक मोठा करंज आहे आणि त्याच्या सावलीत गोल गोटे पसरलेले. बाकी सगळा ओढा काळ्या, टोकदार दगडांचा, आणि हे मात्र गुळगुळीत, मुठीत मावतील असे, अगदी अंड्याच्या घाटाचे. पुरात वाहून आले असतील. बोटभर रुतलेले होते, काढल्यावर खाली ओलसर खळगा राहत होता. पाच निवडले, ओढणीत बांधून आणले. एकाच्या मधोमध दोरा गुंडाळावा तशी पांढरी रेघ आहे. एक अगदीच छोटा, पण गोड दिसला म्हणून घेतला.

साबणाने धुतले, उन्हात वाळवले आणि हळदीच्या समोर ठेवले. तिने मान वाकडी करून बघितलं. मग चोचीने एकेक ओढून पोटाखाली घेतला, अंग सैल सोडलं आणि डोळे मिटले. इतकं समाधान मी कुणाच्या चेहऱ्यावर बघितलेलं नाही.

रूपेश म्हणाला, आता दगडांची पिल्लं होणार, त्यांना खायला खडी आणावी लागेल.

७ मार्च

हळदी एकदम शहाणी झाली आहे. दुपारी एकदाच उठते, खाते, राखेत लोळते आणि धावत परत जाते. ती राखेत असताना मी गोटे चाचपून बघितले. गरम होते. आता ती त्यांच्यावर बसते म्हटल्यावर गरम असणारच, पण मला जरा जास्त वाटले. बारीक ताप आलेल्या मुलाच्या कपाळाइतके.

बाकीच्या तिघी मात्र खुराड्यात जायला तयार नाहीत. संध्याकाळ झाली की शेवग्यावर चढून बसतात. साप असेल म्हणून रूपेशने बॅटरी मारून सगळं खुराडं तपासलं. काही नाही.

११ मार्च

बाळ दोन दिवस गप्प आहे. म्हणजे हलतं, पण कूस बदलल्यासारखं. लाथ नाही. आज खालापूरला डॉक्टरांकडे जाऊन आले. ठोके व्यवस्थित आहेत, वाढ चांगली आहे, बाळं झोपतात असं त्या म्हणाल्या. मला हायसं वाटलं.

घरी आले तेव्हा हळदी खुराड्याबाहेर होती. तुरेवालीशी तिचं काहीतरी बिनसलं होतं, बराच वेळ फिसकारत उभी राहिली. ती परत जायच्या आत मी गोट्यांना हात लावला. इतका वेळ उघडे पडलेले असूनही गरमच होते. खुराड्यात सावली असते. मग ही ऊब कुठून येते?

१४ मार्च

आज धुळवड. अख्खं गाव रंगात आहे, खालच्या आळीत सकाळपासून ढोल. मी मागच्या पडवीत बसून होते. मला थंडी वाजत होती. उन्हाने पत्रे तडतडतायत आणि मी शाल घेऊन बसले आहे.

रूपेशने गालाला गुलाल लावला, मग नेहमीसारखा पोटावर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला. काय झालं विचारलं तर म्हणाला, फार वेळ पाण्यात काम करू नकोस. मी स्वतः हात लावून बघितला. पोट गार आहे. हात गरम, पाय गरम, पोट गार, माठाला हात लावल्यासारखं.

मला भीती वाटते आहे. लिहून टाकलं म्हणजे कमी होईल असं वाटलं होतं.

१८ मार्च

आज जे बघितलं ते जसंच्या तसं लिहिते.

पिल्लं निघायचे दिवस जवळ आले की इथल्या बायका अंडी कोमट पाण्यात सोडून बघतात. आत जीव असेल तर अंडं पाण्यात हलतं, बिनजिवाचं असेल तर गप्प राहतं. हिरूने मला हे सांगितलं होतं. मी मुद्दामच केलं. म्हटलं, दगड पाण्यात सोडते, तो दगडासारखा पडून राहील, आणि माझ्या डोक्यातलं खूळ जाईल. दुपारची वेळ, लख्ख ऊन. हळदी राखेत होती. पांढऱ्या रेघेचा गोटा घेतला आणि पातेल्यात सोडला.

तळाशी गेला. पडून राहिला. मी हसायला लागले.

मग हलला. एका बाजूने उचलल्यासारखा झाला, टेकला, पुन्हा उचलला. पातेल्याला टण् टण् आवाज येत होता. मी पातेलं धरलेलं नव्हतं. पाणी स्थिर होतं.

हळदी केव्हा आली कळलं नाही. माझ्या हातावर रक्त निघेपर्यंत टोचलं तिने. मी गोटा परत ठेवला.

रूपेशला सांगितलं. त्याने माझा हात धुऊन हळद लावली आणि आईला बोलावून घेऊया का, असं विचारलं. त्याला माझी काळजी वाटते, पण गोट्यांची नाही.

१९ मार्च

आतून आवाज येतो. अंडं फुटायच्या आधी पिल्लू आतून चिवचिवतं, तसा. खुराड्याला कान लावायची गरज नाही, पडवीत ऐकू येतो.

आज ठरवलं की गोटे काढून टाकायचे. हळदी उठल्यावर हाताला लागला तो उचलला, अगदी छोटा होता तो. पदरात घेऊन पायरीवर बसले. आणि त्याच क्षणी पोटात लाथ बसली! खणखणीत, पहिल्यासारखी. पोट गरम व्हायला लागलं. मी ओरडलेच आनंदाने.

पण मांडीवरचा गोटा गार होत चालला. आतला आवाज बारीक झाला. मग नुसतं हुंदके दिल्यासारखं. नाशिकला आमच्या खालच्या घरात तान्हं बाळ रडून रडून दमायचं, तसं. मी त्याला ओरडून सांगितलं, गप्प बस, तू दगड आहेस. ते गप्प बसत होतंच. दर वेळी थोडं थोडं.

माझ्याच्याने ऐकवलं नाही. मी त्याला छातीशी धरलं, थोपटलं. आणि परत हळदीखाली ठेवलं.

पोट पुन्हा गार आहे. मी काय केलं हे मला माहीत आहे. तरी मी ते केलं.

२० मार्च

काकू आल्या. भांडण विसरून करंज्यांचा डबा घेऊन आल्या होत्या. हळदी कुठाय म्हणत खुराड्यात वाकल्या, आणि वाकलेल्या तशाच खाली बसल्या. हात घालून पांढऱ्या रेघेचा गोटा बाहेर काढला. हळदीने त्यांना टोचलं नाही. काकूंनी तो गालाला लावला आणि म्हणाल्या, “ऊन हाय गं.” एवढंच.

मग सांगितलं. दात न आलेलं मूल गेलं तर इथे जाळत नाहीत, करंजाखाली पुरतात. आई ओढ्यातून एक गोटा निवडते. दिवसभर मांडीवर धरून त्याला आपल्या अंगाची ऊब देते आणि मग वर ठेवते, बाळाला गार लागू नये म्हणून. त्यानंतर तिकडे पुन्हा फिरकायचं नाही. हाक मारायची नाही. ऊब एकदाच द्यायची. काकूंचा मुलगा छायाच्या आधीचा. महिन्याचा होता.

मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, पोटातलं हलतंय का. मी पोटावरची शाल घट्ट ओढली. काकू म्हणाल्या, “त्यांना अंग नाय गं. ऊब मिळाली, आता अंग पायजे.” उद्या ज्यांचे आहेत त्यांना घेऊन येते, ज्याचं त्यानेच न्यावं लागतं, असं सांगून त्या गेल्या. पांढऱ्या रेघेचा मात्र आत्ताच नेला. तो उचलून त्या कुंपणाबाहेर पडल्या तेव्हा पोटात एक लाथ बसली.

२१ मार्च

सकाळी तिघी आल्या. प्रत्येकीने हात घातला आणि न बघता आपला तोच उचलला. दर गोट्यामागे पोटात एक लाथ. शकूआजी सगळ्यांत म्हातारी, ऐंशीची तरी असेल. तिने तिचा पदराखाली घेतला आणि सोडेचना. काकूंनी दंडाला धरून तिला ओढ्यापर्यंत नेलं. ती सारखी म्हणत होती, “थोडा येळ ऱ्हाऊ दे. थोडाच येळ.”

एक उरला आहे. छोटा. कुणाचा ते कुणालाच माहीत नाही. वरच्या आळीतल्या एका बाईचा असावा, ती गाव सोडून केव्हाच गेली. आज काका तिचा पत्ता काढायला कर्जतला गेलेत.

मी म्हटलं मीच ठेवून येते, मीच आणला होता. काकूंनी माझा हात घट्ट धरला. म्हणाल्या, आणताना तुला माहीत नव्हतं, ते चालून गेलं. पण आता मांडीवर घेऊन ऊब दिलीस तर तो तुलाच आई समजेल.

काकूंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना कळलं. त्यांनी हात सोडला.

२२ मार्च, सकाळ

हळदी उठली. आपण होऊन. पडवीसमोर फिरते आहे, पिल्लं मागे घेऊन फिरते तशी. चार पावलं, थांबणं, क्लक् क्लक्, उकरणं, पुन्हा हाक. मागे काही नाही. मी वाकून वाकून बघितलं. काही नाही —

खुराड्यात गोटा दोन तुकडे होऊन पडला आहे. आतून पोकळ. ओला.

रूपेशने बघितला. पनवेलच्या हॉस्पिटलला फोन केला. ताबडतोब या म्हणाले. तो फाट्यावर गाडी आणायला गेलाय.

लाथ नाही. काल रात्रीपासून एकही नाही.

दुपार

गाडी अजून नाही — फोन लागत नाही.

काकू येऊन बसल्या होत्या. हळदी पायरीवर चढली, माझ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि हाक मारली. पोटात हललं. मी आनंदाने काकूंचा हात ओढून पोटावर ठेवला. काकू उठल्या. रूपेशला बघून येते म्हणाल्या आणि जवळजवळ पळतच —

लाथ नव्हती ती.

एकाच जागी. नखाएवढ्या जागी. आतून. टक्. टक्.

मी हाक मारून बघितली. बाळा म्हटलं. सोन्या म्हटलं. ज्या नावांनी रोज मारते त्या सगळ्या नावांनी — काही नाही. गाणं म्हटलं. काही नाही.

ती क्लक् करते. लगेच टक्.

मग माझं कुठे आहे? आत दोघं आहेत की एकच? माझं गार पडलंय का, मी त्याला ऊब — मी शाल गुंडाळली आहे, गरम पाण्याची पिशवी धरली आहे —

गाडी आली. हॉर्न वाजतोय. मी उठले. पुढच्या दाराकडे जायचंय.

हळदी परसाकडे चालली आहे. थांबते, मागे बघते, हाक मारते. पोट ओढतंय तिकडे. खरंच ओढतंय, मी खांबाला धरलंय एका हाताने, वही दुसऱ्या —

बाळा ऐक. तुझी आई मी आहे. ती नाही. मी आहे. तू जर अजून आत असशील तर एकदाच — लाथ मार, एकदाच, मला कळेल, मी त्याला सोडून तुलाच —

टक् —